यवतेश्वरचा घाट, एकोणीसचा पाढा आणि आम्ही सात जण (सातारा हिल हाफ मॅरेथॉन)

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. गेल्या सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळाले. वय ४६, नोकरी प्राथमिक शाळेत, त्याआधीचा पळण्याचा अनुभव म्हणजे पुण्यातल्या सपाट रस्त्यांवरच्या चार-पाच दहा किलोमीटरच्या शर्यती. डोंगरातली २१ किलोमीटर आपल्याच्याने होतील असं वाटलं नव्हतं. झाली, आणि ज्या पद्धतीने झाली ते लिहून ठेवावंसं वाटतंय, कारण ती पद्धत आम्हाला कुणी शिकवली नव्हती. चुकत चुकत सापडली.

आमचा गट सात जणांचा, सगळे सिंहगड रोडवरच्या एकाच सोसायटीच्या आसपासचे. मी आणि माझी मोठी जाऊ (आम्ही त्यांना ताई म्हणतो, वय ५२). तिसऱ्या मजल्यावरचे काका, वीज मंडळातून निवृत्त झालेले. आयटीतलं एक तरुण जोडपं. चौकात इस्त्रीचं दुकान असलेला दादा, जो आमच्यात सगळ्यांत वेगवान आहे. आणि एक फिजिओथेरपिस्ट मॅडम, ज्यांच्यामुळे आम्ही सातही जण धडधाकट पायांनी घरी परतलो.

सराव एप्रिलमध्ये सुरू केला. दर रविवारी पहाटे गोळेवाडीला जमायचं आणि सिंहगडाच्या गाडीरस्त्याने वर निघायचं. पहिल्या रविवारी आम्ही सगळे एकत्र पळायचा प्रयत्न केला. तिसऱ्या वळणावर ताई रडवेल्या झाल्या. आपल्यामुळे बाकीचे थांबतात म्हणून त्या झेपत नसताना जोर लावत होत्या, आणि दादाला इतकं हळू पळायची सवय नसल्याने त्याची पोटरी आखडली होती. कुणाचंच भलं झालं नाही. खाली उतरल्यावर चहाच्या टपरीवर सगळे गप्प होते.

त्याच टपरीवर मॅडमनी सांगितलं की चढावर घड्याळातला वेग बघायचाच नाही, श्वास बघायचा. बोलता येतंय तोवर पळा, बोलणं तुटलं की चाला. आता बोलायचं काय? मी मास्तरीण, माझ्या तोंडून निघून गेलं, पाढे म्हणू या. बेचा पाढा फार सोपा, तो धापा टाकतानाही येतो. एकोणीसचा ठरला, कारण त्याला थोडं डोकंही लागतं. एका श्वासात ‘एकोणीस, अडतीस, सत्तावन्न’ असे तीन आकडे निघाले तर पळायचं. दोनच निघाले तर पावलं आखूड करायची. एकच निघाला तर सरळ चालायला लागायचं, लाज न बाळगता. पुढचा आकडा आठवेनासा झाला तर थांबून पाणी प्यायचं.

ऐकायला पोरखेळ वाटेल, पण या पाढ्याने आमचं भांडण मिटवलं. आता चालणं म्हणजे हरणं राहिलं नाही, ते पाढ्याने सांगितलेलं काम झालं.

दुसरी गोष्ट ठरली ती जोड्यांची. जोड्या नात्याने नाही, श्वासाने लावल्या. माझा पाढा आणि काकांचा पाढा जवळजवळ एकाच ठिकाणी तुटायचा, म्हणून आम्ही जोडीदार. ताई आणि मॅडम एकत्र. ते जोडपं मात्र वेगळं पळायला तयार नव्हतं, तेव्हा ते दोघं जसे आहेत तसे. दादा एकटा, मोकळा. नियम दोनच. चढावर आणि उतारावर जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी नाश्त्याला बसायचं नाही.

पावसाळ्यात सिंहगडाचा घाट दरडींमुळे अधूनमधून बंद असतो, तेव्हा वेताळ टेकडीवर फेऱ्या मारल्या. तिथे चिखलात उतरण्याचा जो सराव झाला तो पुढे कामी आला.

आता शर्यतीबद्दल. शनिवारी साताऱ्याला गेलो. ताईंचं माहेर कोरेगावचं, त्यामुळे सातही जण त्यांच्या आईकडे. आजींनी रात्री मऊ भात, वरण आणि बटाट्याची भाजी केली, तिखट अजिबात नाही, आणि नऊ वाजता दिवे बंद करायला लावले. पहाटे प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

सुरुवात पोलीस परेड ग्राउंडवरून. ज्यांनी हा रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी: आधी शहरातून पळत समर्थ मंदिराकडे यायचं, मग यवतेश्वरचा घाट चढून कास रस्त्याने वर जायचं, आणि वरून वळून त्याच वाटेने खाली. म्हणजे सगळा चढ पहिल्या अर्ध्यात, सगळा उतार दुसऱ्या अर्ध्यात. माझ्या घड्याळाने तीनशे मीटरहून जास्त चढ दाखवला. शहरातही रस्ता चढतच असतो, पण गर्दी आणि ढोल यांच्या भरात ते कळत नाही, आणि बरेच जण तिथेच दम घालवून बसतात. काका मला सारखं म्हणत होते, ‘बाई, पाढा म्हणा.’

घाट सुरू झाला आणि भुरभुर पाऊस आला. एका बाजूला दरी, तिच्या तळाशी सातारा, समोर अजिंक्यतारा, आणि मधूनच ढग येऊन सगळं पुसून टाकायचे. कडेच्या उतारावर तेरडा गुलाबी झाला होता, मधेमधे सोनकीचे पिवळे ठिपके. एका वळणावर शाळेच्या गणवेशातली पंधरा-वीस मुलं टाळ्या वाजवत उभी होती. मी माझ्या नादात मोठ्याने ‘एकोणीस, अडतीस, सत्तावन्न’ म्हणत चाललेली. सत्तावन्नला श्वास तुटला. आणि त्या घोळक्यातून एक मुलगी ओरडली, ‘शहात्तर!’ मग सगळीच ओरडली, ‘पंच्याण्णव!’ एवढी वर्षं मी पोरांकडून पाढे म्हणवून घेतले, त्या दिवशी पोरांनी माझ्याकडून म्हणवून घेतले. त्या वळणानंतर कितीतरी वेळ मी पळत होते.

या रस्त्याची एक मोठी खुबी म्हणजे जाणारे आणि येणारे समोरासमोर येतात. वळायच्या जागेच्या बरंच अलीकडे दादा वरून खाली येताना दिसला, पाखरासारखा. त्याने हात उंचावून ‘वर वारा आहे, थांबू नका’ एवढं सांगितलं आणि गेला. वर खरोखरच गार वारा होता. वळून उतरायला लागलो, तर खालून ताई येत होत्या. चालत. ओठ हलत होते. मला थांबावंसं वाटलं, त्यांच्याबरोबर पुन्हा वर जावंसं वाटलं. त्यांनी नुसता तळहात पुढे केला, मी टाळी दिली, आणि त्या म्हणाल्या, ‘जा गं, माझा पाढा मोडू नकोस.’ मॅडम मागून हसत होत्या.

उतार सोपा असेल असं मला वाटत होतं. तो चढापेक्षा अवघड निघाला. बोगद्याच्या जवळ आल्यावर काकांच्या उजव्या मांडीत गोळा आला आणि ते कठड्याला धरून उभेच राहिले. ‘तुम्ही पुढे व्हा,’ ते तीनदा म्हणाले. माझ्या मनात अडीच तासांचा आकडा होता, हे मी खरं सांगते. पण जोडी ठरलेली होती. त्यांचा घोटा धरून पाय मागे वाकवला, मांडी हळूहळू ताणली, मीठ-साखरेचं पाणी दिलं. चार मिनिटं गेली. मग आम्ही आधी चालत आणि नंतर पळत निघालो. मैदानात दोघं एकत्र शिरलो, २ तास ४८ मिनिटं.

पदक गळ्यात पडल्यावर काका सावलीत बसले आणि मी उलट पावली समर्थ मंदिरापर्यंत चालत गेले. तिथे दादा आधीच उभा होता, ते जोडपंही होतं, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ताई आल्या तेव्हा आम्ही चौघं पदपथावरून त्यांच्या बाजूने चालत राहिलो. ३ तास १४ मिनिटं. नंतर पोहे खाताना त्यांनी सांगितलं की परतीच्या घाटात त्या पाढा म्हणतच नव्हत्या. ‘उतारावर दम कुठे लागतो? मी आपली आईशी बोलत होते.’

घाटमाथा

पाढ्याची कल्पना फार आवडली. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

कंदीपेढा

पाटीपेन्सिल, आमचं घर समर्थ मंदिराजवळच आहे, म्हणजे तुम्ही दोनदा आमच्या दारावरून गेलात. गावाच्या बाजूने थोडं लिहितो.

ही शर्यत २०१२ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी आम्ही गॅलरीतून बघत होतो की ही माणसं घाटात पळायला का निघालीत. आता आमच्याकडे तो सणच असतो. आदल्या रात्री आई रांगोळीचा डबा काढून ठेवते, बहीण पहाटे दारात काढते. लिंबू चिरायचं काम माझ्याकडे. २०१५ साली डोंगरातल्या एका शर्यतीत सर्वाधिक धावक म्हणून गिनेस बुकात नोंद झाली, अडीच हजारांवर लोक होते, त्या दिवशी तर गल्लीतली म्हातारीकोतारी खुर्च्या टाकून रस्त्याला बसली होती.

एक सांगू का, आम्हाला पुढचे धावक फारसे आठवत नाहीत. ते इतक्या वेगात जातात की टाळी वाजवेपर्यंत दिसेनासे होतात. आठवतात ते शेवटचे. त्यांची नावं बिबवर (छातीवर लावलेल्या क्रमांकाच्या कागदावर) वाचता येतात, त्यांना नावाने हाक मारता येते, पाणी हातात देता येतं आणि ते ‘थँक यू काका’ म्हणतात. माझी आई शेवटचा माणूस जाईपर्यंत जागची उठत नाही. तुमच्या ताईंना तिने नक्की पाहिलं असणार.

एकला_धावक

लेख चांगला आहे, पण गटाने पळण्याबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि ते अनुभवातून आलंय. हीच शर्यत मी एका गटाबरोबर केली होती. एकत्र सुरू, एकत्र शेवट, असं ठरलेलं. दर दोन-तीन किलोमीटरला थांबून फोटो. वरच्या टोकाला सगळे येईपर्यंत दहा-बारा मिनिटं वाऱ्यात उभा राहिलो, घामाने भिजलेलं अंग गार पडलं. उतारावर हळू जाणाऱ्या मित्राच्या सोबतीसाठी मी पूर्ण घाटभर पाय रोखत उतरलो. पुढचे पाच दिवस जिना उतरता येत नव्हता. माणसं चांगली होती, मैत्री अजून आहे, पण शर्यतीला मी तेव्हापासून एकटाच जातो. डोंगरात ज्याची त्याची चाल वेगळी असते, ती दुसऱ्यासाठी बदलली की शरीर शिक्षा करतं.

पाटीपेन्सिल

@एकला_धावक, तुमचं सगळं पटलं, आणि आमच्या पहिल्या रविवारी हेच झालं होतं. म्हणून तर जोड्या श्वासाने लावल्या. आम्ही सात जण शर्यतीत एकत्र असे पळालोच नाही. एकत्र होतो ते एप्रिलपासूनचे वीसेक रविवार, आदली रात्र, आणि शेवटचा तो समर्थ मंदिरापासूनचा तुकडा. घाटात आपल्या जोडीबाहेरच्या प्रत्येकाला सोडून द्यायचं हे आधीच ठरलं होतं, म्हणून सोडताना कुणाला अपराधी वाटलं नाही. मला वाटलं थोडं, ताईंना भेटल्यावर, पण त्यांनीच ते घालवलं.

काकांसाठी मी थांबले ते वेगळं. त्यांची आणि माझी चाल एकच होती, त्यांच्यासाठी मी चाल बदलली नाही, चार मिनिटं दिली.

एकला_धावक

हे आधी ठरवून सोडणं आमच्यात नव्हतं. विचार करतो.

माणगंगा

साताऱ्याच्या जिल्ह्यात पळण्याचा विषय निघाला आणि माण तालुक्याचं नाव नाही असं कसं! ललिता बाबर आमच्या मोहीची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावली, दहावी आली. दुष्काळी भाग आमचा. ती फायनल आमच्या गावात रात्री सगळ्यांनी मिळून पाहिली, त्यानंतर माझ्या पुतणीने बूट मागितले. आता ती आणि तिच्या तीन मैत्रिणी माळावर पळतात. चौघींपैकी एकीच्या घरून विरोध होता, तेव्हा उरलेल्या तिघी रोज पहाटे तिच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. काही बोलायच्या नाहीत, नुसत्या उभ्या. पंधरा दिवसांनी तिच्या आजीनेच आतून कडी काढली. तुमचा धागा वाचून ते आठवलं.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे (धाग्यातली मॅडम मी नव्हे, पण त्यांना नमस्कार). उतारानेच मांड्या का दुखतात हे थोडं सांगते, कारण दवाखान्यात हा प्रश्न दर सप्टेंबरात येतो.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो ताणला जात असतानाच शरीराचं वजन रोखून धरतो, प्रत्येक पावलाला ब्रेक लावल्यासारखा. अशा कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होतात. दम लागत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि दोन-तीन दिवस राहतं. पण एकदा असा उतार केला की स्नायू काही आठवडे ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी कमी दुखतं. म्हणून शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एक चांगला लांब उतार पळून ठेवावाच. नुसता चढाचा सराव करून गाडीने खाली येणारे शर्यतीत फसतात.

उतारावर मागे रेलू नका. पावलं आखूड आणि भरभर, पाय शरीराच्या खालीच पडला पाहिजे, हात सैल. वळणाच्या आतल्या बाजूला उतार जास्त तीव्र असतो, जागा असेल तर बाहेरून जा. ओल्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यांवर पाय देऊ नका, त्या फार निसरड्या होतात. नखं आधी कापा आणि बुटाची नाडी शेवटच्या भोकापर्यंत ओवून टाच घट्ट बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात.

आणि एक कळकळीची विनंती. शर्यतीच्या आधी किंवा पळताना वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडाला त्रास देतात. पळून झाल्यावर लघवी चहाच्या रंगाची होत असेल तर घरी न थांबता डॉक्टरकडे जा.

पाटीपेन्सिल, काकांना गोळा आल्यावर तुम्ही केलंत ते बरोबर केलंत.

निवृत्त_६१

नमस्कार. हा धागा मी दोनदा वाचला. धनकवडीत राहतो. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली, मुलगा बाहेरगावी. सकाळी तासभर चालतो, तळजाईवर. मधे थोडं पळून बघतो, कुणी बघत नसताना. रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिच्यामुळे नाडीचे ठोके वाढतच नाहीत, घड्याळ नेहमी ‘सोपा व्यायाम’ असं दाखवतं आणि मला मात्र धाप लागलेली असते. माझ्यासारख्याने घाटाचा विचार करावा का? तुमचे काकाही निवृत्त आहेत हे वाचून धीर आला म्हणून विचारतो.

सांधेजोड

काका, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, हृदयाची तपासणी करून घ्या आणि नेमकं सांगा की घाट पळायचा आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके फारसे वाढत नाहीत, तेव्हा घड्याळावर विसंबू नका, तुमची धाप खरी आहे. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यात पाणी आणि मीठ दोन्ही जातं, तेही विचारून घ्या. छातीत दाब, चक्कर, जबडा किंवा हात दुखणं, यातलं काही झालं तर तिथेच थांबायचं. आणि गोळी मनाने बंद करायची नाही. तुमच्यासाठी पाटीपेन्सिल यांचा पाढा घड्याळापेक्षा जास्त खरं सांगेल.

पाटीपेन्सिल

@निवृत्त_६१ काका, डॉक्टरांनी हो म्हटलं की कळवा. आम्ही पुन्हा एप्रिलपासूनच सुरू करतोय. पहिले चार रविवार फक्त चालणार आहोत. ताई म्हणतात, मॅडम यावर्षी त्या जोडप्यातल्या मुलीला मदत करणार आहेत, तेव्हा ताईंना जोडीदार नाही. त्यांचा पाढा तिसऱ्या आकड्याला तुटतो. तुमचा कुठे तुटतो ते तळजाईच्या चढावर म्हणून बघा.

कंदीपेढा

काका, नोंदणी झाली की बिबवर कुठलं नाव येणार ते इथे लिहा. आईला सांगून ठेवतो.

निवृत्त_६१

सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

आज सकाळी तळजाईवर म्हणून पाहिला. अडतीसला तुटला. मग चाललो, आणि वर पोचेपर्यंत पंच्याण्णवपर्यंत गेलो. एकोणीस सक किती हे मात्र आठवेना, घरी येऊन कागदावर मांडलं. एकशे चौदा.